छप्पन दिवस

या पुस्तकाचं हस्तलिखित हातात आल्यावर मी आधी एकच शब्द शोधत गेले. ‘शेवटची स्टेज’ असं लेखिकेने कुठे लिहिलं आहे का, ते मला पाहायचं होतं. पानं चाळून संपली, शब्द सापडला नाही. मग निर्धास्त मनाने पहिल्या पानावर आले आणि वाचायला बसले.

हा शब्द मला का खुपतो ते सांगते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, म्हणजे आपल्याकडच्या बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात तो, तिसऱ्या स्टेजला आहे असं कळलं, की रिपोर्ट घेऊन बाहेर आलेला मुलगा किंवा दीर बाकावर बसलेल्या माणसांना पहिलं वाक्य सांगतो : लास्ट स्टेज आहे. त्यानंतर घरात जी बोलणी होतात ती उपचारांची नसतात, निरोपाची असतात. ‘उगाच हाल नकोत’ म्हणून बाईला गावी परत नेतात. कुणी काढा आणतं, कुणी अंगारा आणतं. काही महिन्यांत रक्त जाऊन, किंवा लघवी अडून मूत्रपिंडं बंद पडून ती जाते. आणि ज्या आजाराने ती गेली, त्याच आजाराच्या त्याच स्टेजमध्ये नीट उपचार मिळालेल्या निम्म्याहून थोड्या अधिक बायका पाच वर्षांनी हयात असतात. हे मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही. हा आकडा आपल्याच मुंबईतला आहे, आणि त्याच्याविषयी मला या प्रस्तावनेत सविस्तर लिहायचं आहे.

आधी स्टेजविषयी दोन शब्द, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. तिसऱ्या स्टेजमध्ये आजार ओटीपोटाच्या चौकटीतच असतो. गर्भाशयमुखापासून निघून तो आजूबाजूच्या मऊ भागातून कमरेच्या हाडाच्या भिंतीला टेकलेला असतो, किंवा योनिमार्गाच्या खालच्या भागापर्यंत उतरलेला असतो, किंवा त्याने मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंडाला सूज आणलेली असते. २०१८ च्या वर्गवारीपासून आतल्या लसीकाग्रंथींत आजार दिसला तरी तिसरीच स्टेज धरतात. लिव्हर, फुप्फुसं, हाडं असा दूर गेलेला आजार चौथ्या स्टेजच्या उत्तरार्धात मोडतो, आणि तिथे किरण दिले तरी ते रक्त थांबवायला आणि दुखणं कमी करायला दिलेले असतात. या पुस्तकाचा विषय त्याच्या अलीकडचा आहे : दुसऱ्या स्टेजचा उत्तरार्ध, तिसरी, आणि चौथीची सुरुवात. डॉक्टर याला ‘लोकली ॲडव्हान्स्ड’ म्हणतात. त्यातला ‘ॲडव्हान्स्ड’ तेवढा नातेवाइकांच्या कानात राहतो, ‘लोकली’ हवेत विरून जातो. पण सगळी आशा त्या ‘लोकली’त आहे. एवढा पसरलेला आजार चाकूच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो, तरी किरणांच्या आवाक्यात असतो.

आता तो आकडा. १९९९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने, पाच अभ्यासांच्या आधारे, जगभरच्या डॉक्टरांना कळवलं की या आजारात किरणांच्या जोडीला सिस्प्लाटिन हे औषध द्या, बायका जास्त जगतात. आम्ही ते वाचलं आणि आमच्या ओपीडीत पाहिलं. समोर सात-आठ हिमोग्लोबिनच्या, चाळीस किलोही न भरणाऱ्या, एक मूत्रपिंड सुजलेल्या बायका. सिस्प्लाटिन मूत्रपिंडांना जड जातं, उलट्या करवतं, थकवतं. ज्या बायकांवर ते पारखलं गेलं त्यांची प्रकृती आणि आमच्या बायकांची प्रकृती यांत जमीन-अस्मानाचं अंतर. पुढे २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलेला हिशेब आला. त्यात स्टेज वाढत जाते तसा केमोचा फायदा ओसरत जातो असं दिसलं : सुरुवातीच्या स्टेजमध्ये पाच वर्षांच्या हयातीत १० टक्क्यांची भर, दुसऱ्याच्या उत्तरार्धात ७, आणि तिसऱ्या-चौथ्यात जेमतेम ३. तीन टक्क्यांसाठी अशा अशक्त बाईच्या शरीरात ते औषध घालायचं का? या प्रश्नाचं उत्तर ह्यूस्टनहून किंवा लंडनहून येण्यासारखं नव्हतं. ज्यांच्याकडे तिसऱ्या स्टेजच्या बायकांची रोज रांग लागते, त्यांनीच ते शोधायला हवं होतं.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ते शोधलं गेलं. जुलै २००३ ते सप्टेंबर २०११ या काळात ८५० बायका या अभ्यासात आल्या. सगळ्या तिसऱ्या ‘बी’ स्टेजच्या, म्हणजे आजार कमरेच्या हाडाच्या भिंतीला टेकलेल्या किंवा मूत्रपिंड सुजलेल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली : ४२४ जणींना किरण आणि दर आठवड्याला सिस्प्लाटिन, ४२६ जणींना नुसते किरण. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या ५४ टक्के बायका जिवंत होत्या, दुसऱ्या गटातल्या ४६ टक्के. आजार परत न येता जगणाऱ्यांचं प्रमाण ५२.३ आणि ४३.८ टक्के.

हे आकडे सहसा एका वाक्यात सांगून पुढे जातात : केमो दिल्याने आठ टक्के फायदा. खरंच आहे ते. दर बारा-तेरा जणींमागे एक बाई जास्त जगली, आणि तिसऱ्या स्टेजच्या अशक्त भारतीय बाईला केमो देऊन काही उपयोग नाही ही शंका मिटली. पण मला त्या दोन आकड्यांतला छोटा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. ४६. यात केमोचा एक थेंबही नाही. मूत्रपिंडांमुळे किंवा हृदयामुळे जिला सिस्प्लाटिन देता येत नाही, तिच्या घरचे ‘केमो झेपणार नाही म्हणजे काही उरलं नाही’ असं समजून उठतात. त्यांच्यापुढे हा छोटा आकडा ठेवायला हवा. या आजारात मुख्य उपचार किरणांचा आहे, केमो त्याचा मदतनीस. आणि जगू न शकलेल्या बायकांचा आकडाही तितकाच खरा आहे. लेखिकेने तो लपवलेला नाही, याचा मला आदर वाटतो.

या ४६ मागे आणि ५४ मागे काय काम करतं, हे समजून घ्यायचं तर पुस्तकाचं पाचवं प्रकरण सावकाश वाचावं. ‘आतला शेक’ असं त्याचं नाव आहे.

बाहेरचा शेक, बायकांच्या भाषेत ‘लाईट’, सगळ्यांना ठाऊक असतो. आठवड्यातून पाच दिवस, एकूण पंचवीसेक वेळा, टेबलावर निपचित पडायचं, मशीन भोवती फिरतं, काही मिनिटांत बाहेर. चटका बसत नाही, करंट लागत नाही. आधी पाणी पिऊन लघवी धरून ठेवायला सांगतात. त्याला बायका कंटाळतात, पण भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला ठेवतं, हे एकदा समजावलं की त्या तांब्याभर पाणी आनंदाने पितात. कोबाल्टचं मशीन आहे की लिनॅक, यावरूनही घरचे हिरमुसतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या भाभाट्रॉनसारख्या कोबाल्ट मशीनवरही या आजाराचे उपचार नीट होतात. लिनॅकने आतड्यांचा त्रास कमी करता येतो हे खरं, पण लिनॅकच्या रांगेत दोन महिने थांबण्यापेक्षा कोबाल्टवर उद्या सुरू केलेलं मी केव्हाही पसंत करीन.

तर, बाहेरच्या शेकाने गाठ आकसते, पण मुळापासून जात नाही. तेवढा डोस बाहेरून द्यायला गेलं तर मधलं मूत्राशय आणि गुदाशय भाजून निघतील. म्हणून शेवटचा घाव आतून घालावा लागतो. गर्भाशय ही निसर्गाने दिलेली पोकळी आहे. तिच्यात बारीक नळी सरकवायची, तोंडाशी दोन गोलक किंवा एक कडी बसवायची, मागेपुढे कापडाच्या पट्ट्या भरून मूत्राशय आणि गुदाशय दूर लोटायचं, आणि नळीतून इरिडियमचा किरणोत्सारी कण आत पाठवायचा. जिऱ्याच्या दाण्याएवढा तो कण तारेच्या टोकाला असतो. ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबत थांबत तो मागे येतो आणि आपल्या तिजोरीत परत जातो. दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा न होता चौथाई होतो, तसंच हे. कणाला खेटून असलेल्या गाठीवर प्रचंड मारा, आणि दोन-तीन सेंटिमीटर पलीकडच्या आतड्यावर फार थोडा. बाहेरून कितीही भारी मशीन लावलं तरी ही किमया साधत नाही.

कल्पना जुनी आहे. १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याला रेडियम सापडलं आणि पुढच्या पाच-सात वर्षांत डॉक्टरांनी ते या आजारात वापरून पाहिलं. स्टॉकहोम, पॅरिस, मँचेस्टर इथे पद्धती बसल्या. १९३८ साली मँचेस्टरमध्ये ठरलेला ‘पॉइंट ए’ आम्ही विद्यार्थी असताना पाठ केला होता, आणि आजही कित्येक ठिकाणी डोस त्यावरच मोजतात. आता एमआरआय काढून, गाठीच्या आकाराप्रमाणे डोस बेतता येतो. या पद्धतीने उपचार झालेल्या तेराशेहून अधिक बायकांचा एम्ब्रेस नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. टाटा रुग्णालय त्यात सहभागी होतं. वेगवेगळ्या स्टेज एकत्र धरून, पाच वर्षांनी ९२ टक्के बायकांत मूळ जागेवरचा आजार काबूत होता. माझ्या शिक्षकांनी हा आकडा ऐकला असता तर त्यांचा विश्वास बसला नसता.

आणि तरीही बायका याच पायरीवर गळतात. अमेरिकेत १९८८ ते २००९ या काळातल्या सात हजारांहून अधिक बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा तिथेही आतल्या शेकाचा वापर घसरलेला दिसला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात चार वर्षांची हयात ५८ टक्के, ज्यांना मिळाला नाही त्यांच्यात ४६. यंत्रांची कमतरता नसलेल्या देशातली ही गोष्ट. आपल्याकडे कारणं आणखी वेगळी. मला एक बाई कायम आठवते. पंचवीस लाईट पुरे झाले होते. रक्त थांबलं होतं, वास गेला होता, तोंडाला चव आली होती. घरात लग्न निघालं. ‘आता बरंच वाटतंय, लग्न आटपून येते’ म्हणून गेली, ती चार महिन्यांनी आली. तोवर गाठ पुन्हा वाढली होती आणि आतून शेक देण्याची वेळ निघून गेली होती. तिला दोष देता येत नाही. बरं वाटणं आणि बरं होणं यांतला फरक तिला आम्हीच नीट सांगितला नव्हता.

आत-बाहेरचा सगळा शेक मिळून आठ आठवड्यांत, छप्पन दिवसांत संपायला हवा. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसाला आजार काबूत येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, असं जुन्या-नव्या अभ्यासांचं सांगणं आहे. किरणांनी मारलेल्या पेशींतून वाचलेल्या पेशी सावरतात, आणि सुट्टी मिळाली की जोमाने वाढतात. दिवाळीला घरी गेलेली बाई आठ दिवसांनी परत आली की आम्ही तिला रागावतो. पण आठ आठवडे परगावी राहणं म्हणजे काय, ते तिच्या बाजूने पाहिलं पाहिजे. महात्मा फुले योजनेतून उपचारांचा खर्च निघतो, रेल्वेची सवलत मिळते, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर डोक्यावर छप्परही येतं. तिथे जागा नसेल तर परळचा फूटपाथ. पण सोबत राहणाऱ्याच्या मजुरीचं काय? घरी म्हाताऱ्या सासूला भाकरी कोण करून घालणार? ज्या बाईने आयुष्यात कधी आठ दिवस माहेरी काढले नाहीत, तिला आपल्या जिवासाठी दोन महिने मागून घ्यायचे असतात. या आजारातल्या हयातीच्या टक्केवारीत हा हिशेब कुठल्याच रकान्यात दिसत नाही, पण प्रत्येक आकड्याच्या पोटात तो आहे. लेखिका समुपदेशक म्हणून इतकी वर्षं हाच हिशेब जुळवत आली आहे. पुस्तकातली सगळ्यात कसदार पानं त्यामुळेच तिची स्वतःची आहेत, आमच्या शास्त्राची नाहीत.

रक्ताविषयी लेखिकेने एक छोटं प्रकरण लिहिलं आहे, ते वगळू नये. किरणांना आपलं काम करायला गाठीत प्राणवायू लागतो, आणि पंडुरोगी बाईच्या रक्तात तो पोचवण्याची ताकदच नसते. म्हणून हिमोग्लोबिन दहाच्या वर ठेवायची आमची धडपड असते. रक्ताची बाटली मिळवण्यासाठी मुलाला रक्तपेढीत पाठवतात, तो उपचाराचाच भाग आहे.

‘परिणाम’ या शब्दाबद्दल मात्र मला लेखिकेशी थोडं भांडायचं आहे. किरणोपचारानंतरच्या आयुष्याचं प्रकरण तिने दहावं ठेवलंय. मी ते तिसरं ठेवलं असतं. आम्ही डॉक्टर परिणाम मोजतो ते वर्षांत. बाईचा क्रम निराळा असतो. आधी रक्त थांबतं, बहुतेकींत काही शेकांतच. मग तो वास जातो, ज्यापायी तिने लोकांत बसणं सोडलेलं असतं. मग झोप लागते. हे सगळं पहिल्या पंधरवड्यात होतं, आणि तिच्या लेखी तोच परिणाम असतो. मग जुलाब सुरू होतात, लघवीला जळजळ होते, थकवा येतो. ते बहुतेक उपचार संपल्यावर ओसरतात. पण काही त्रास महिन्यांनी, वर्षांनी उगवतात : शौचावाटे रक्त, लघवीतून रक्त, आतड्याचा चिवट त्रास, आणि क्वचित मूत्राशयाला किंवा गुदाशयाला भोक पडणं. गर्भपिशवी काढल्यानंतर किरण लागलेल्या ३०० बायकांवर टाटा केंद्रात झालेल्या अभ्यासात, नेमकी दिशा साधणाऱ्या नव्या तंत्राने आतड्यांचा मागाहून येणारा त्रास ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला. म्हणजे जगणाऱ्या बायकांचं जगणं सुसह्य करता येतं. ते करणं हे वाढीव काम नाही, उपचाराचाच अर्धा भाग आहे.

आणि एक गोष्ट, जी विचारायला बाई लाजते आणि सांगायला डॉक्टर. पोटात किरण गेले की अंडाशय बंद पडतात. पस्तिशीतल्या बाईची पाळी एका महिन्यात जाते. योनिमार्ग कोरडा होतो, आक्रसतो. डायलेटर कसा वापरायचा, संबंध कधी सुरू करायचे, दुखलं तर काय, हे कुणी सांगितलं नाही तर बाई दुखणं गिळते, किंवा नवऱ्यापासून दूर होते, आणि मग घरात तिची जागा कोपऱ्यात जाते. लेखिकेने हे सगळं साध्या, न चाचरणाऱ्या मराठीत लिहिलं आहे. या एका प्रकरणासाठी मी हे पुस्तक प्रत्येक किरणोपचार विभागात ठेवायला सांगीन. त्यातच एका प्रश्नाचं उत्तर आहे, जो मला जवळजवळ रोज येतो : ‘नातवाला जवळ घेऊ का?’ घ्या, मावशी. किरण त्या खोलीतच संपतात, तुमच्या अंगात काही उरत नाही. ताट-वाटी वेगळी नको, अंथरूण वेगळं नको.

ज्यांची पिशवी बाहेर कुठे तरी, तपासणीचा तुकडा न काढता, ‘पांढरं जातंय’ एवढ्यावर काढून टाकलेली असते आणि मग कॅन्सर निघतो, त्या बायकांविषयीही एक प्रकरण आहे. आतला शेक ज्या पोकळीत द्यायचा तीच गेलेली असते. अशी फाईल समोर आली की आजही माझा हात थबकतो. त्यावर मी इथे जास्त लिहीत नाही. लेखिकेने संयमाने लिहिलं आहे, मला तो संयम जमला नसता.

नव्या संशोधनाकडे लेखिका सावधपणे पाहते, ते बरं आहे. मूळ जागेवरचा आजार काबूत येऊ लागला तसं लक्षात आलं की आता मरण येतं ते बहुधा दूर पसरलेल्या आजाराने. म्हणून किरणांच्या आधी सहा आठवडे कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल देऊन पाहिलं गेलं. ब्रिटन, मेक्सिको, इटली, ब्राझील आणि भारत अशा पाच देशांतल्या ५०० बायकांत पाच वर्षांची हयात ७२ वरून ८० टक्क्यांवर गेली. औषधं जुनी, आपल्याकडे परवडणारी. पण त्यांतल्या बहुतेक जणी दुसऱ्या स्टेजच्या होत्या. तिसऱ्या ‘बी’च्या अशक्त बाईवर तो आकडा जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. दुसरीकडे पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध किरण-केमोच्या जोडीला दिल्यावर तीन वर्षांची हयात सुमारे ७५ वरून ८३ टक्क्यांजवळ गेली. त्यात तिसऱ्या स्टेजच्या बायकाही भरपूर होत्या. पण त्याची किंमत आमच्या बाकांवर बसलेल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. जमीन विकून ते घ्यायच्या आधी आतला शेक वेळेत पुरा झाला आहे ना, हे पाहा, असं लेखिका म्हणते. मी तिच्या बाजूने आहे.

हे सगळं उशिरा आलेल्या बायकांविषयी. उशीर टाळता येतो हेही आपल्याच मातीत सिद्ध झालं आहे. बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन नुसतं बोलायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत बायका आधीच्या स्टेजला येऊ लागल्या. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने पुढे गेलेल्या आजाराचं आणि मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. २००९ मध्ये तो निष्कर्ष आला. इतक्या वर्षांनंतरही माझ्या ओपीडीत तिसऱ्या स्टेजच्या बायका येत आहेत. म्हणून हे पुस्तक लागतं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छप्पन चौकोन छापले आहेत. पान फाडून घ्यावं म्हणून कडेला टिंबांची रेघ आहे. पहिला लाईट लागेल त्या दिवशी पहिला चौकोन रंगवायचा. किती लाईट, किती आतले शेक, रक्त कधी तपासायचं, हे तुमच्या विभागातल्या सिस्टर त्यावर लिहून देतील. लिहिता-वाचता येत नसलेल्या बायकांसाठी आतल्या शेकाच्या चौकोनात लेखिकेने पणतीचं चित्र काढलं आहे. ते पान पिशवीत ठेवू नका, जिथे राहाल तिथे भिंतीला लावा, येता-जाता सगळ्यांना दिसेल असं.